डार्टमूरच्या खेड्यात बिऱ्हाड थाटताना

नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये एक्सेटर, टॉर्की किंवा न्यूटन ॲबटला नोकरी लागते. एका रविवारी गाडी काढून डार्टमूरवर फेरफटका होतो, आणि दगडी घर, मागे मेंढ्या, समोर ओढा असं काही भाड्याने मिळतंय म्हटल्यावर घरात चर्चा सुरू होते. जायला काहीच हरकत नाही. पण लेस्टर किंवा हॅरोमध्ये बसलेली घडी इथे चालत नाही. शहरात पाणी, गॅस, सांडपाणी, बस, रस्त्यावरचे दिवे हे सगळं कुणीतरी बघत असतं, आणि ते कोण हे माहीत नसलं तरी आपलं अडत नाही. इथे अडतं. निम्म्या वेळा तर ते बघणारे तुम्हीच असता.

या लेखात उदाहरणासाठी विडिकम-इन-द-मूर ही डेव्हन काउंटीमधली पॅरिश, म्हणजे कारभाराचा सगळ्यांत छोटा विभाग, घेतली आहे. लोकवस्ती पाचसहाशेच्या आसपास. मध्ये चर्च, शाळा, पब आणि हिरवळ असं छोटं गाव. बाकीची घरं पॉन्सवर्दी, पाउंड्सगेट, ल्यूजडन अशा वाड्यांमध्ये आणि एकेकट्या शेतघरांमध्ये विखुरलेली. भोवती मूर, म्हणजे उंचावरचा उघडा माळ: हेदर, गवत, नेचे, ओलसर पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) जमीन आणि माथ्यावर ग्रॅनाइटचे सुळके, ज्यांना इथे टॉर म्हणतात. डार्टमूर १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर ताडोबासारखं फाटक आणि तिकीट डोळ्यांसमोर आणू नका. इथे माणसं राहतात, शेती करतात, आणि बहुतेक जमीन कुणाच्या ना कुणाच्या खासगी मालकीची आहे.

आधी कोण काय बघतं ते लिहून काढा

हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिल्याच आठवड्यात करा. विडिकमपुरतं सध्याचं चित्र असं आहे. रस्ते, खड्डे, शाळेची बस, वृद्धांची काळजी हे डेव्हन काउंटी कौन्सिलकडे. कचरा, कौन्सिल टॅक्सची (घरपट्टीसारख्या कराची) वसुली, मतदार नोंदणी, खासगी पाण्याची तपासणी हे टीनब्रिज जिल्हा कौन्सिलकडे. घराला बांधकामाची परवानगी मात्र जिल्ह्याकडे मागायची नाही, ती डार्टमूर नॅशनल पार्क अथॉरिटी देते. तिचं कार्यालय बव्ही ट्रेसीजवळ पार्क नावाच्या जुन्या वाड्यात आहे. नवखे लोक हमखास चुकीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहतात ते इथेच. सामायिक माळावरच्या गुराढोरांचे नियम डार्टमूर कॉमनर्स कौन्सिल करते, जी १९८५ च्या कायद्याने स्थापन झाली.

सगळ्यांत खाली, पण तुमच्या सगळ्यांत जवळ, पॅरिश कौन्सिल. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच, फक्त तिच्या हातात पैसा आणि अधिकार फारच थोडे. चर्चची पॅरिश वेगळी आणि कारभाराची पॅरिश वेगळी. १८९४ च्या कायद्याने ही फारकत झाली. त्यामुळे पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला जायला ख्रिस्ती असावं लागत नाही. कौन्सिल टॅक्सच्या बिलात 'प्रिसेप्ट' म्हणून एक छोटी रक्कम दिसते, ती या कौन्सिलची. तिचा क्लार्क बहुतेक वेळा अर्धवेळ असतो. घरूनच काम करतो आणि गावातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर कुणाकडे मिळेल हे त्याला किंवा तिला ठाऊक असतं. हा नंबर फोनमध्ये पहिला साठवा.

घर बघायला जाल तेव्हा

दिवाणखान्यातून काय दिसतं ते एजंट दाखवेलच. तुम्ही घराच्या मागे जा.

मूरवर नळाने येणारा गॅस बहुतेक ठिकाणी नसतो. मागच्या अंगणात हिरवी प्लास्टिकची टाकी असेल, साधारण हजार लिटरची, तिच्यात केरोसीन असतं आणि त्यावर बॉयलर चालतो. टाकीला दुहेरी भिंत आहे का, कुलूप आहे का, तळाशी ओल आहे का ते बघा. केरोसीन टँकरने येतं आणि साधारणपणे किमान ५०० लिटर घ्यावं लागतं, म्हणजे एकदम मोठी रक्कम बाहेर जाते. भाव हिवाळ्यात चढतो, म्हणून शहाणी माणसं उन्हाळ्यातच टाकी भरून ठेवतात. अनेक खेड्यांत शेजारी मिळून एकत्र ऑर्डर देतात आणि भाव पाडून घेतात. तुमच्या वाडीत असा गट आहे का, हे आल्या आल्या विचारा. ऑर्डर देताना गल्ली अरुंद असल्याचं सांगायला विसरू नका, नाहीतर मोठा टँकर वळणावरून परत जाईल.

लाकडाची शेगडी असेल तर कोरडंच लाकूड जाळायचं. ओलावा २० टक्क्यांच्या वर असलेलं लाकूड थोड्या प्रमाणात विकायला इंग्लंडमध्ये २०२१ पासून बंदी आहे. धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला आहे का ते पाहा.

आता सांडपाणी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी स्वयंपाकघर आणि सेप्टिक टँक यांचं फारसं जमत नाही. टाकीतले जिवाणू घाण कुजवतात, मग पाणी जमिनीत मुरतं. फोडणीचं उरलेलं तेल, वड्यांचं तळण, आमटीवरचा तवंग सिंकमध्ये गेला की थंडीत पाइपात थिजतो आणि मुरण्याची जागाच बंद होते. तेल बरणीत साठवून कचऱ्यात द्या, ताटं कागदाने पुसून मग धुवा, ब्लीचचा मारा थांबवा, आणि ओले वाइप्स घरातच आणू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. टाकी साधारण वर्षाला एकदा उपसावी लागते. घर विकत घेत असाल तर एक प्रश्न लेखी विचारा: टाकीतलं पाणी कुठे जातं? सेप्टिक टँक थेट ओढ्यात सोडायला १ जानेवारी २०२० पासून परवानगी नाही, आणि बदलण्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

पाणी झऱ्याचं किंवा बोअरचं असेल तर शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. ग्रॅनाइटमधून येणारं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. चहा सुरेख होतो, पण तांब्याचे पाइप झिजतात. बाथटबमध्ये नळाखाली निळसर हिरवे डाग दिसले तर कारण हेच. अशा घरात सकाळी पहिलं थोडं पाणी सोडून द्यावं.

ग्रॅनाइटचा आणखी एक उद्योग म्हणजे रेडॉन. हा जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू आहे, त्याला वास नाही, रंग नाही, आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. डेव्हन आणि कॉर्नवॉल हे त्याचे बालेकिल्ले. घाबरण्यासारखं काही नाही, पण मोजायचं जरूर. पोस्टाने दोन छोटी यंत्रं येतात, एक बैठकीच्या खोलीत आणि एक झोपायच्या खोलीत ठेवायचं, तीन महिन्यांनी परत पाठवायचं. दर घनमीटरला २०० बेकरेलच्या वर आकडा आला तर उपाय करावा, अशी शिफारस आहे, आणि तो उपाय म्हणजे बहुधा जमिनीखालची हवा ओढून घेणारा एक पंखा.

घर जुनं असेल तर ते 'लिस्टेड', म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित, आहे का ते तपासा. डार्टमूरची जुनी लाँगहाउसं लांबुळकी असतात: चढाकडच्या भागात माणसं, उताराकडच्या भागात गुरं, मध्ये आरपार बोळ, आणि वर एकच छप्पर. गुरं गेली, तिथे आता पाहुण्यांची खोली झाली, तरी संरक्षण आतल्या भिंतींनाही लागू असतं. स्वयंपाकघराच्या धुरासाठी भिंतीला भोक पाडून पंखा बसवायचा आहे? आधी परवानगी. लिस्टेड घरात परवानगीशिवाय फेरफार करणं हा फौजदारी गुन्हा आहे. लिस्टेड नसलेल्या घरातही राष्ट्रीय उद्यानात नियम बाहेरच्यापेक्षा कडक असतात. पार्क अथॉरिटीच्या अधिकाऱ्याला आधीच फोन करून विचारलेलं नंतरच्या नोटिशीपेक्षा केव्हाही स्वस्त.

इंटरनेट आणि मोबाइल: घराच्या आत, बंद दारामागे, तुमच्याच फोनवर तपासा. नकाशावरच्या रंगांवर जाऊ नका.

गाडी, आणि मागे घेण्याची कला

गाडीशिवाय इथे राहता येत नाही. बस आहे असं कुणी सांगितलं तर कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वारी, हे विचारा. सर्वांत जवळचं मोठं रेल्वे स्टेशन न्यूटन ॲबट. भारतीय परवान्यावर इथे स्थायिक झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, नंतर ब्रिटिश परवाना लागतो. परीक्षेच्या तारखा लांबच्या मिळतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, परवान्याचा अर्ज टाका.

डेव्हनच्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी उंच मातीचे बांध असतात, वर झुडपं, आत दगड. उन्हाळ्यात सगळं हिरवं आणि मऊ दिसतं, पण आरसा घासला की आतला ग्रॅनाइट कळतो. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा. समोरून ट्रॅक्टर आला, मागे चाऱ्याचे गोल गठ्ठे लादलेला ट्रेलर. ट्रॅक्टर मागे जाणार नाही, जाऊ शकत नाही. तुम्ही शेवटची रुंद जागा कुठे मागे टाकली ते आठवायचं, आरशात न बघता मान वळवून मागच्या काचेतून बघायचं, आणि बांधाला चाक न लावता शंभरेक पावलं मागे जायचं. ट्रॅक्टरवाला जाताना स्टिअरिंगवरून एक बोट वर करेल. हा नमस्कार आहे, तुम्हीही बोट वर करा. न करणारी गाडी कुणाची, हे संध्याकाळपर्यंत पबमध्ये माहीत झालेलं असतं. आल्यावर एखादा रविवार सकाळी मोकळ्या गल्लीत नुसती मागे घ्यायची सवय करा, आणि गाडी लहान घ्या.

गुरांच्या जाळीवरून, म्हणजे रस्त्यातल्या लोखंडी दांड्यांवरून, गाडी खडखडत गेली की तुम्ही मोकळ्या माळावर आलात. तिथे कुंपण नाही. वेगमर्यादा ताशी ४० मैल, आणि ती दिवसा, स्वच्छ हवेत. रात्री मेंढ्या डांबरावर येऊन बसतात. काळी गाय धुक्यात दिसत नाही. कोकरू रस्त्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर ते तुमच्या चाकासमोरूनच आईकडे धावणार, हे धरून चाला. गाय, घोडा, मेंढी, डुक्कर, शेळी किंवा कुत्रा यांना धडक बसली तर कायद्याने थांबावं लागतं, आणि मालक भेटला नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं. जनावर जखमी असेल तर ताबडतोब कळवा, ते तडफडत असतं.

घरांना नंबर नसतात, नावं असतात. एकाच पोस्टकोडमध्ये दोन-दोन मैलांवरची घरं येतात. सामान मागवताना पत्त्याखाली एक वाक्य लिहून ठेवा: अमुक क्रॉसनंतर डावीकडे, लाल दुधाच्या कॅनपाशी. वाणसामानाचं म्हणाल तर डाळी, पोहे, गूळ, कढीपत्ता यांसाठी एक्सेटर किंवा प्लिमथ गाठावं लागतं. महिन्याचं एकदम आणा.

माळावर फिरताना

डार्टमूरवर मोकळेपणाने पायी फिरायचा हक्क आहे, आणि तो मोठा हक्क आहे. पण 'कॉमन' म्हणजे कुणाचीच नसलेली जमीन असा समज करून घेऊ नका. जमिनीला मालक असतो. गावातल्या ठरावीक घरांना आणि शेतांना तिच्यावर गुरं चारण्याचे, पीट काढण्याचे हक्क असतात. हे हक्क १९६५ च्या कायद्याखाली नोंदवलेले आहेत. या लोकांना कॉमनर म्हणतात. तुम्ही घेतलेल्या जुन्या घरालाही असा एखादा हक्क चिकटलेला असू शकतो, तेव्हा वकिलाला बघायला सांगा.

माळावरची सगळी पोनी घोडी रानटी दिसतात, पण प्रत्येकीला मालक आहे. शरद ऋतूत घोड्यांवरून आणि क्वाड बाइकवरून त्यांना हाकून खाली आणतात, मालक खुणा बघून आपापली वेगळी करतात. त्याला 'ड्रिफ्ट' म्हणतात, आणि त्या दिवशी रस्ता अडलेला असेल तर गाडी बंद करून मजा बघावी. पोनींना खायला घालू नका. मुलांना कितीही मोह झाला तरी नाही. नियमाने मनाई आहे, आणि त्यामागे कारणही तसंच आहे: एकदा गाडीतून गाजर मिळालं की ती रस्त्याच्या कडेला उभी राहायला लागते, आणि मग एखाद्या रात्री मरते.

मेंढ्यांचं गणित याहून बारीक आहे. कुंपण नसताना कळप भरकटत कसा नाही? मेंढी आपल्या आईबरोबर ज्या तुकड्यावर चरली तोच तुकडा आयुष्यभर धरून राहते आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. डार्टमूरवर या ओढीच्या जागेला 'लिअर' म्हणतात. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत देशभर कळपच्या कळप मारावे लागले. अशा एखाद्या माळावर नव्या मेंढ्या आणून सोडल्या तर त्यांना आपली हद्द माहीतच नसते. कुणीतरी रोज उभं राहून त्यांना ती शिकवावी लागते, कधी कधी वर्षानुवर्षं. म्हणून तुमचा कुत्रा कळपामागे धावला की शेतकरी एवढा का भडकतो ते समजून घ्या. १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या माळावर कुत्रा आखूड दोरीवर, दोन मीटरच्या आत, असायलाच हवा. त्यानंतरही जनावरं दिसली की दोरी. एकटं कोकरू दिसलं तर उचलून घरी आणू नका. आई बहुधा पन्नास पावलांवर असते. खरंच अडकलेलं असेल तर जवळच्या शेतघराचं दार वाजवा.

फाटक जसं सापडलं तसं ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उघडं फाटक बहुधा कुणी विसरलेलं नसतं, जनावरांना पाण्याकडे जायला मुद्दाम ठेवलेलं असतं.

तंबू ठोकून रात्र काढायची असेल तर इंग्लंडमध्ये जमीनमालकाला न विचारता तसं करण्याचा हक्क कायद्याने मिळतो तो डार्टमूरवरच. त्यावर खटला झाला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हक्क नाही म्हटलं, त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो परत दिला, आणि २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. पण तो सगळ्या माळावर सरसकट लागू नाही. पार्क अथॉरिटीच्या नकाशात दाखवलेल्या जागीच, रस्त्यापासून १०० मीटर दूर, एका ठिकाणी दोन रात्रींहून जास्त नाही. चूल किंवा शेकोटी अजिबात नाही. हिवाळ्यात शेतकरी माळाचा एखादा भाग जाळताना दिसतील. त्याला 'स्वेलिंग' म्हणतात, ते ऑक्टोबर ते १५ एप्रिलच्या मुदतीत आणि नियमांत बसवून करतात. ते बघून आपणही पेटवावं असं नाही.

उत्तर डार्टमूरवर लष्कराची गोळीबाराची क्षेत्रं आहेत: ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल, विल्सवर्दी. विडिकमला त्यांचा त्रास नाही, पण तिकडे चालायला जाल तर वेळापत्रक बघा. लाल झेंडा वर असेल तर परत फिरा.

गोचिड्या इथे भरपूर. नेच्यांतून चालून आलात की गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत तपासा. सापडली तर खास चिमट्याने सरळ वर ओढून काढा, तेल-मीठ चोळत बसू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल डाग दिसला तर लगेच जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जा, तो लाइम आजार असू शकतो.

धुकं, अंधार आणि गेलेली वीज

मूरवरच्या प्रिन्सटाउनला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातून आलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथला पाऊस चार महिन्यांत आटोपत नाही, तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो, आडवा पडतो, आणि थंडगार असतो. सुती कपडे आणि जीन्स घालून माळावर जाऊ नका. भिजली की सुकत नाहीत.

धुकं दहा मिनिटांत उतरतं. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल २८ हा डार्टमूरचा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवा आणि ते वापरायला शिका, कारण फोनची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. चकवा लागला तर तो पिक्सींचा, म्हणजे लोककथांतल्या खोडकर बुटक्यांचा, खेळ समजून कोट उलटा करून घालावा, ही इथली जुनी समजूत. कोट हवा तर उलटा करा, पण त्याआधी थांबा, नकाशा काढा आणि उतारावरचं चमकदार हिरवं शेवाळ टाळा, त्याखाली दलदल असते. खरंच अडचण असेल तर ९९९, 'पोलीस' मागा आणि मग 'माउंटन रेस्क्यू' म्हणा. डार्टमूरवर ऍशबर्टन, ओकहॅम्प्टन, प्लिमथ आणि टॅव्हिस्टॉक अशी चार पथकं आहेत आणि त्यांतले लोक स्वयंसेवक आहेत. मंगळवारी बँकेत भेटलेली बाई रात्री दोनला तुम्हाला शोधायला येऊ शकते. आजच एक काम उरकून टाका: ९९९ वर 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द एसएमएस करा. नोंदणी झाली की आवाज जाण्याइतका सिग्नल नसतानाही मेसेजने मदत मागता येते.

वादळात झाडं पडतात आणि वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. १०५ वर फोन करा. वीज कुणाकडून घेता याने फरक पडत नाही. घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस किंवा विजेवर चालणारं वैद्यकीय यंत्र असेल तर प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये नाव आधीच घाला. वीज गेली की बॉयलरही बंद पडतो, बोअरचा पंपही, आणि इंटरनेटवर चालणारा घरचा फोनही. त्यामुळे ऑक्टोबर संपायच्या आत पिण्याच्या पाण्याचे काही कॅन, एक छोटा गॅस स्टोव्ह, डोक्याला लावायचे दिवे आणि पॉवर बँक एका पेटीत भरून ठेवा.

डॉक्टरांकडे नोंदणी करताना तुमचं घर त्यांच्या हद्दीत येतं का ते बघा. औषधाचं दुकान एक मैलाहून दूर असलेल्या खेड्यांत काही दवाखाने औषधंही स्वतःच देतात. तशी सोय आहे का हे नोंदणीच्या वेळीच विचारलं तर महिन्याला एक फेरी वाचते.

माणसांत मिसळायचं ते असं

वाट बघत घरात बसलात तर कुणी येणार नाही. ते तुसडेपणाने वागत नाहीत, तुम्हाला त्रास नको म्हणून येत नाहीत. आपण जायचं. शेजारच्या घरांत स्वतः जाऊन नाव सांगा, कुठून आलात, काय काम करता ते सांगा, आणि तुमच्या दारातली गल्ली कुणाच्या जनावरांच्या वाटेवर आहे का ते विचारा. डेव्हनमधला एखादा म्हातारा शेतकरी डॉक्टरीणबाईंनाही 'माय लव्हर' म्हणून हाक मारेल. दचकू नका, तो दुकानातल्या मुलालाही तसंच म्हणतो.

विडिकमचं सेंट पँक्रस चर्च उंच मनोऱ्यामुळे दुरून दिसतं. मनोरा सुमारे १२० फुटांचा, आणि एवढं मोठं चर्च एवढ्याशा गावात म्हणून त्याला 'मूरचं कॅथीड्रल' म्हणतात. २१ ऑक्टोबर १६३८ च्या रविवारी दुपारी प्रार्थना चालू असताना त्यावर वीज कोसळली, आत आगीचा गोळा शिरल्याचं वर्णन आहे. चौघे गेले, साठेक जखमी झाले. सैतान एका जुगाऱ्याला न्यायला आला होता अशी कथा गावाने त्याला जोडली. आत फळ्यांवर ही हकीकत पद्यात लिहिलेली आहे, ती जाऊन वाचा. गावातल्या कुणाशीही बोलायला हा बरा विषय आहे, हवामानानंतरचा. शेजारचं सोळाव्या शतकातलं चर्च हाउस नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे.

धर्माची अडचण वाटत असेल तर ती सोडा. चर्चमधल्या हार्वेस्ट सपरला (सुगीच्या जेवणाला), चहापाण्याला, घंटा वाजवायला शिकायला कुणी तुमचा धर्म विचारत नाही. घंटावादन मी आग्रहाने सुचवेन. आकड्यांच्या क्रमाने दोर ओढायचा असतो. तबल्याचे कायदे शिकलेल्या माणसाला ते पटकन जमावं. गावोगावी वादक कमी पडतात, त्यामुळे स्वागत मनापासून होतं. खायला काही न्यायचं असेल तर पहिल्याच खेपेला तिखट मिसळ नेऊ नका. कांदाभजी चालतात. बटाटेवड्यांची परात रिकामी परत येते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी विडिकमची जत्रा भरते. एका जुन्या लोकगीतामुळे ती इंग्लंडभर माहीत आहे. मेंढ्या, पोनी, शर्यती, हस्तकला, आणि चहूबाजूंनी तुंबलेल्या गल्ल्या. तुमच्या पॅरिशमध्ये असं काही असेल तर बघायला जाण्याऐवजी आधी दोन महिने क्लार्कला किंवा समितीला विचारा की गाड्या लावायला, खुर्च्या मांडायला माणूस हवा आहे का. पिवळं जाकीट घालून शेतात गाड्या लावत सकाळभर उभे राहिलात की निम्मं गाव तुम्हाला ओळखायला लागतं.

पॅरिश कौन्सिलच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. विषयपत्रिका किमान तीन दिवस आधी सूचना फलकावर लागते. सुरुवातीला ग्रामस्थांना बोलायची वेळ असते, तेव्हा बोला. नंतर मध्ये बोललं की अध्यक्ष गप्प बसवतात. पहिल्या दोन बैठकांत नुसतं ऐकलेलं बरं. खड्डे, गटारं, पर्यटकांच्या गाड्या, कुणाच्या तरी गोठ्याचं घरात रूपांतर, हे विषय फिरून फिरून येतात आणि त्यामागे जुनी भांडणं असतात. शिवाय वर्षातून एकदा, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान, संध्याकाळी सहाच्या पुढे पॅरिशची वार्षिक सभा होते. ती कौन्सिलची नसते, मतदारांची असते.

आणि मतदार तुम्ही होऊ शकता. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असेल तर, इथे स्थानिक आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देता येतं. अनेक मराठी घरांना दहा दहा वर्षं हे माहीतच नसतं. नोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांत होते, आणि मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी मिळाली की उमेदवारही होता येतं. लहान पॅरिशमध्ये जागा भरायलाच माणसं मिळत नाहीत. निवडणूक बिनविरोध होते आणि उरलेल्या खुर्च्यांवर कौन्सिल स्वतःच माणसं निवडून घेते. त्यासाठी मतदार यादीत नाव हवं, किंवा वर्षभर पॅरिशमध्ये वा तिच्यापासून तीन मैलांच्या आत वास्तव्य. फलकावर 'रिक्त जागा' असा कागद दिसला तर अर्ज क्लार्ककडे द्यायचा. फार तर एका पानाचा, आपण कोण आणि गावासाठी काय करू शकतो एवढंच लिहून.